औषध लागू पडते ते कोठे? : सर्पगंधेच्या इतिहासातील एक प्रकरण

मराठी कवितेच्या इतिहासात कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे नाव बहुधा एका ओळीत उरकले जाते. टेनिसनच्या 'प्रिन्सेस' या काव्याचे 'इंदिरा' हे मराठी रूपांतर त्यांनी केले, केशवसुतांच्या आधी इंग्रजी काव्याचे वळण मराठीत आणू पाहणाऱ्यांपैकी ते एक, एवढे सांगून प्रकरण पुढे सरकते. हेच कीर्तिकर व्यवसायाने सरकारी वैद्यकीय सेवेतील शल्यचिकित्सक होते आणि वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. मेजर बामनदास बसू यांच्यासह त्यांनी रचलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१८ साली, त्यांच्या निधनानंतर, अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिले कीर्तिकर ठाऊक असतात, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसरे. हे दोघे एकच होते याची आठवण दोन्ही वर्गांत क्वचितच निघते.

त्या ग्रंथाची मांडणी कोशासारखी आहे. आधी वनस्पतीचे लॅटिन नाव, मग देशी भाषांतील नावे, मग ती कोठे उगवते, दिसते कशी, आणि शेवटी लोक तिचा उपयोग कशासाठी करतात. या क्रमाने येणाऱ्या शेकडो वनस्पतींत एक आहे राउवॉल्फिया सर्पेंटिना. ही आपली सर्पगंधा. हरकी, अडकई, मुंगूसवेल अशीही तिची मराठी नावे वनौषधींच्या ग्रंथांत आढळतात. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस हिचा पाला चावते, ही लोककथा शेवटच्या नावामागे आहे. गुडघ्याएवढे, क्वचित त्याहून थोडे उंच वाढणारे हे झुडूप मोठ्या वृक्षांच्या सावलीत, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत वाढते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील साग, ऐन, बांबूच्या पानझडी जंगलांतील ओलसर पट्ट्यांत ते आढळते. तिथे ते आज पूर्वीसारखे सहज दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. औषध पानात नाही, फुलातही नाही. ते मुळात आहे. मुळी घ्यायची म्हणजे झाड उपटायचे.

कीर्तिकरांच्या ग्रंथातील शेवटचा रकाना उपयोगाचा. सर्पदंश, ताप, निद्रानाश, उन्माद हे सर्पगंधेचे परंपरेने सांगितलेले उपयोग. उत्तरेत तर या मुळीला पागल की दवा असेच म्हणत. मराठीत आपण म्हणतो, औषध 'लागू पडले'. हा वाक्प्रचार मोठा नेमका आहे. नुसते पोटात गेले म्हणजे औषध लागू पडत नाही. ते शरीरातल्या कशाला तरी जाऊन लागावे लागते. पण कशाला? कोठे? हा प्रश्न वाक्प्रचार विचारत नाही, कीर्तिकरांच्या ग्रंथातही त्यासाठी रकाना नाही. तो रकाना भरायला १९१८ नंतर शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि तो भरण्याच्या कामात एका चमत्कारिक साधनाचा वाटा होता. ते साधन म्हणजे अंधारात तयार करायचा आणि प्रकाश पडताच जागा होणारा रेणू. या लेखाचा विषय तो रेणू आहे. पण त्याच्याकडे जायची वाट मुळीवरून जाते.

१

१९३१ हे साल सर्पगंधेच्या आधुनिक इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो आणि उन्माद शमतो असे नोंदवले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतून स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. युनानी परंपरेतील हकिमाचे नाव रसायनशास्त्राच्या जागतिक कोशात कायमचे जाऊन बसले, ही घटना नामकरणाच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या मुळीच्या संदर्भात अशी कायमची नोंद वाट्याला आलेली माणसे थोडी आहेत.

पुढचे नाव मुंबईचे. केईएम रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ साली आपला निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळपास नव्हतेच. वकिलांच्या निबंधामुळे भारतीय वैद्यांना जुनीच असलेली ही मुळी पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेत भरली. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

मध्यंतरी मुळी स्वित्झर्लंडला पोचली होती. बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ साली मुळीच्या राळेसारख्या भागातून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि त्याला 'रेसर्पिन' असे नाव दिले. रक्तदाब उतरवणारे आणि मन शांत करणारे द्रव्य प्रामुख्याने हेच. चारच वर्षांनी, १९५६ साली, हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत घडवून दाखवला, आणि सेंद्रिय रसायनशास्त्रात ती कृती आजही अभिजात मानली जाते. तरी बाजारातील मागणी मुळीचीच राहिली. मागणीबरोबर उपटणी वाढली, भारताने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर निर्बंध आणले, आणि १९९० साली संकटग्रस्त जीवजातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश झाला.

२

रेसर्पिन शुद्ध रूपात हाती आल्यावर प्रश्न बदलला. 'मुळी काय करते?' हा जुना प्रश्न होता. 'हे एकच द्रव्य शरीरात नेमके काय करते?' हा नवा. आणि त्याचे उत्तर शोधताना मेंदूसंबंधीची सगळी समजूतच बदलून गेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्याकडे काम करणाऱ्या प्लेचर आणि शोअर यांनी १९५५ साली दाखवले की रेसर्पिन दिलेल्या प्राण्याच्या शरीरातील सेरोटोनिनचा साठा ओसरतो. दोन वर्षांनी स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, ज्यापासून शरीर डोपामीन बनवते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हालचाल करू लागले. या सशांपासून निघालेली वाट डोपामीनच्या महत्त्वाकडे आणि कंपवाताच्या उपचाराकडे गेली. कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

साठा ओसरतो म्हणजे काय होते, हे थोडे उलगडून सांगायला हवे. मेंदूतील एक पेशी दुसरीला जो निरोप देते तो शेवटच्या टप्प्यावर रासायनिक असतो. डोपामीन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन ही त्या निरोप्यांची नावे. शास्त्रीय मराठीत त्यांना चेतापारेषक म्हणतात. हे पारेषक पेशीत मोकळे पडलेले नसतात. सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे पडद्याच्या इवल्याशा पिशव्यांत, ते भरून ठेवलेले असतात. वेळ आली की पिशवी पेशीच्या कडेला येऊन रिकामी होते. रिकाम्या पिशव्या पुन्हा भरण्याचे काम त्यांच्या पडद्यात बसलेली प्रथिने करतात. त्यांना वाहक म्हणू या. पेशीच्या बाहेरच्या कडेवर दुसऱ्या जातीचे वाहक असतात. ते सांडलेला पारेषक उचलून पुन्हा आत घेतात. नैराश्यावरची अनेक औषधे आणि कोकेन या बाहेरच्या वाहकांना अडवतात. रेसर्पिन अडवते ते आतल्याला, पिशवी भरणाऱ्याला. पिशवीत भरणा थांबला की पेशीत मोकळा राहिलेला पारेषक तिथेच मोडीत निघतो, आणि हळूहळू कोठार रिते होते. रक्तवाहिन्यांना आवळण्याचा आदेश देणारे निरोपे कमी पडतात, म्हणून रक्तदाब उतरतो. मेंदूत तेच घडते, म्हणून मन मंदावते. पागलपणाचे औषध आणि रक्तदाबाचे औषध एकाच मुळीत का, या कोड्याचा उलगडा असा झाला.

हे कळले ते प्राधान्याने १९६२च्या आसपास. कार्लसन आणि हिलार्प यांनी स्वीडनमध्ये आणि नॉर्मन कर्शनर यांनी अमेरिकेत गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतील कणांवर प्रयोग केले. खाटीकखान्यातून सहज मिळणाऱ्या या ग्रंथींत मेंदूतल्यासारख्याच पुटिका ठासून भरलेल्या असतात. त्या पुटिका ऊर्जा खर्चून पारेषक आत ओढतात आणि रेसर्पिन हे ओढणे थांबवते, असे दोघांनाही दिसले. म्हणजे दरवाजा आहे, आणि मुळीतले द्रव्य त्या दरवाजाला अडसर घालते. पण तो दरवाजा कोणी पाहिला नव्हता. पडद्यात असंख्य प्रथिने असतात. त्यांतले हे कोणते? आणि त्या प्रथिनाच्या कोणत्या भागावर औषध जाऊन लागते?

३

अडचण कशी आहे पाहा. औषधाचा रेणू आपल्या प्रथिनाला लागतो तो बहुधा सैलसर. लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. प्रथिन ओळखायचे तर पडदा विरघळवावा लागतो, त्यातली शेकडो प्रथिने एकमेकांपासून वेगळी करावी लागतात. या धुलाईत औषध केव्हाच निघून जाते, आणि ते कोणाला लागले होते याचा पुरावा त्याच्याबरोबर वाहून जातो. जत्रेच्या गर्दीत कोणी कोणाशी क्षणभर हस्तांदोलन केले, ते गर्दी पांगल्यावर शोधून काढण्यासारखे हे काम.

यावरची युक्तीही १९६२ सालचीच. हार्वर्डचे फ्रँक वेस्टहायमर आणि त्यांचे सहकारी सिंग व थॉर्नटन यांनी कायमोट्रिप्सिन या पाचक प्रथिनाच्या कुशीत डायझो नावाचा गट बसवला आणि त्यावर प्रकाश टाकला. अंधारात शांत असणारा हा गट प्रकाश पडताच नायट्रोजन वायू सोडतो आणि उरलेला भाग इतका उतावीळ होतो की शेजारी जे असेल त्याला क्षणार्धात पक्क्या बंधाने चिकटतो. क्षणाचे लागणे कायमचे होते. मग प्रथिन हवे तेवढे धुवा, तोडा, तुकडे करा. खूण सुटत नाही.

पुढच्या दोन दशकांत या कल्पनेची साधने सुधारत गेली. १९६९ साली इंग्लंडमध्ये फ्लीट, पोर्टर आणि नोल्स यांनी ॲझाइड गटाचा उपयोग प्रतिपिंडांवर करून दाखवला. १९७३ पासून बेन्झोफेनोन हा गट वापरात आला. तो प्रकाशाने जागा होतो, जोडीदार न मिळाल्यास पुन्हा निजतो आणि पुन्हा जागवता येतो. १९८० साली ब्रुनर, सेन आणि रिचर्ड्स यांनी फ्लोरिनयुक्त डायझिरीन आणले, जे आकाराने लहान आणि अंधारात अधिक भरवशाचे होते.

असा शोधक रेणू घडवायचा म्हणजे एका शरीरात तीन कामे बसवायची. पहिला भाग ओळखीचा: मूळ औषधाचाच सांगाडा, ज्याच्यामुळे रेणू बरोबर त्या वाहकाकडे जाईल. दुसरा भाग प्रकाशाने जागा होणारा. तिसरा भाग खुणेचा, म्हणजे किरणोत्सारी आयोडिन, किंवा अलीकडे एखादी अशी रासायनिक कडी जिला नंतर रंगद्रव्य अडकवता येते. खरी कसरत असते ती हे भाग कोठे जोडायचे यात. औषधाच्या ज्या बाजूने प्रथिनाशी मैत्री जमते त्याच बाजूला जोडकाम केले तर मैत्रीच तुटते. म्हणून रसायनतज्ज्ञ आधी औषधाची अनेक भावंडे करून पाहतात, कोणता कोपरा बदलला तरी चालते हे शोधतात, आणि मग त्या कोपऱ्यावर ओझे टाकतात. प्रकाशही बेताचाच हवा. अतिनील किरणांचा फार तीव्र पट्टा वापरला तर प्रथिनच भाजते. म्हणून दृश्य प्रकाशाच्या सीमेलगतची, मवाळ किरणे घेतात.

आणि एवढे करूनही चिकटलेले चिकटले म्हणून विश्वास ठेवायचा नसतो. उतावीळ रेणू वाटेत भेटेल त्यालाही चिकटतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाला एक जोडप्रयोग असतो. त्यात मूळ औषध मुबलक घालून जागा आधीच भरून टाकतात आणि मगच शोधक रेणू सोडतात. पहिल्या प्रयोगात दिसलेली खूण दुसऱ्यात नाहीशी झाली तरच ती खरी. दोन्हीकडे राहिली तर तो निव्वळ डाग. तिसरा प्रयोग अंधारातला: प्रकाश न टाकता खूण उमटली तर युक्तीच फसली. पाठचिकित्सा करणाऱ्या वाचकाला ही शिस्त परकी वाटू नये. एखादा पाठ एकाच पोथीत आहे की स्वतंत्र परंपरेच्या दुसऱ्या पोथीतही आहे, हे पाहिल्याशिवाय आपणही तो मूळचा मानत नाही.

४

आता दोन्ही वाटा एकत्र येतात. १९८२ साली जेरुसलेमच्या शिमॉन शुल्डिनर यांच्या गटाने सेरोटोनिनलाच ॲझाइड जोडून एक शोधक रेणू तयार केला, गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींतील पुटिकांवर प्रकाश टाकला, आणि सुमारे ४५ हजार डाल्टन वजनाच्या प्रथिनावर खूण उमटल्याचे सांगितले. सात वर्षांनी पॅरिसमध्ये आंद्रे इझांबेर, झाँ-पिएर आंरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटॅन्सेरिन या औषधावर ॲझाइड आणि किरणोत्सारी आयोडिन बसवले. त्यांची खूण उमटली सुमारे ७३ हजार वजनाच्या प्रथिनावर. दोन खुणा, दोन वेगळी प्रथिने. खरा दरवाजा कोणता?

निवाड्याच्या वेळी मुळीच उपयोगी पडली. रेसर्पिनचा एक स्वभाव तोवर कळून चुकला होता. इतर औषधांसारखे ते लागते-सुटते असे नाही. वाहकाला लागले की जवळजवळ सोडतच नाही. शुल्डिनर यांच्या गटाने १९९० साली पुटिकांना आधी किरणोत्सारी रेसर्पिन लावले आणि मग पडदा विरघळवून एकेक प्रथिन वेगळे करत नेले. जिकडे रेसर्पिनची खूण तिकडे वाहक, एवढ्या एकाच धाग्यावरून त्यांनी सुमारे ८० हजार वजनाचे प्रथिन शुद्ध केले. प्रकाशाची गरज लागली नाही. निसर्गाने त्या मुळीत असा रेणू घडवून ठेवला होता की तो स्वतःच स्वतःची खूण होता. १९८२ची खूण मागे पडली, १९८९ची जवळ ठरली. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स यांचा गट आणि त्यांच्याखेरीज एरिक्सन, आयडेन व हॉफमन यांनी वाहकाचे जनुक शोधून काढले. पुटिकेतल्या या वाहकाला आता व्हीमॅट म्हणतात. मेंदूत प्रामुख्याने त्याचा दुसरा प्रकार, व्हीमॅट-२, आढळतो.

जनुक कळले म्हणजे प्रथिनाची अक्षरे कळली. पण अक्षरांवरून घडी कळत नाही. हे प्रथिन पडद्यातून बारा वेळा आरपार जाते. त्याच्या कोणत्या वळणांत औषध बसते? इथे प्रकाशाच्या युक्तीने आपले दुसरे काम केले. १९९७ साली विस्कॉन्सिनच्या सीव्हर्ट आणि रुओहो यांनी दोन वेगळे शोधक रेणू वापरले. एक केटॅन्सेरिनपासून घडवलेला, दुसरा टेट्राबेनझिनपासून. चिकटल्यानंतर त्यांनी प्रथिनाचे तुकडे पाडले आणि खूण कोणत्या तुकड्यावर आहे ते पाहिले. पहिल्याची खूण साखळीच्या अगदी आरंभाजवळ निघाली, दुसऱ्याची शेवटाकडे, दहाव्या आणि अकराव्या आरपार भागांच्या परिसरात. दोन्ही औषधे एकाच वाहकाला अडवणारी. मग अर्थ एकच: साखळीचा आरंभ आणि शेवट घडीत एकमेकांजवळ येत असले पाहिजेत आणि औषध त्यांच्या आसऱ्याला बसत असले पाहिजे. प्रथिन प्रत्यक्ष न पाहता, दोन डागांवरून केलेले हे अनुमान.

प्रत्यक्ष पाहणे झाले ते २०२३ साली. अमेरिकेत मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातील शास्त्रज्ञांनी गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने व्हीमॅट-२ची त्रिमित रचना 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली: सेरोटोनिन बसलेली, टेट्राबेनझिन बसलेली आणि रेसर्पिन बसलेली. वाहकाचे दोन अर्ध मधल्या पोकळीभोवती मिटलेल्या ओंजळीसारखे दिसतात, आणि औषध त्या पोकळीत. सर्पगंधेतला रेणू वाहकाला पेशीच्या बाजूने उघडा असतानाच अडकवून ठेवतो. ओंजळ पुटिकेच्या दिशेने उलटू शकत नाही. कीर्तिकरांच्या ग्रंथाला नसलेला रकाना असा भरला गेला. औषध लागू पडते ते इथे.

५

हा इतिहास इथे संपवता आला असता, आणि विज्ञानाच्या इतिहासावरची बहुतेक पुस्तके तो इथेच संपवतात. परंतु मुळी ज्या जंगलातली, तिथे परत गेल्याखेरीज ही गोष्ट पुरी होत नाही असे मला वाटते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. जेरुसलेममध्ये पहिली खूण उमटली त्याच वर्षी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून तिथे काम करते. राणी बंग यांचे 'गोईण' हे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. गडचिरोलीच्या बाया झाडांशी कसा मैत्रिणीचा संबंध ठेवतात आणि झाडांविषयी त्यांना काय काय ठाऊक असते, हे त्यात त्यांच्याकडून ऐकून लिहिलेले आहे. कीर्तिकरांच्या ग्रंथातला उपयोगाचा रकाना आणि 'गोईण' यांतला फरक हाच की दुसऱ्या पुस्तकात सांगणारीला चेहरा आहे.

याच संस्थेतून डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली 'स्ट्रोक' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत झालेल्या मृत्यूंची कारणे त्यांनी घरोघर विचारून निश्चित केली होती. मलेरिया आणि कुपोषण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात मृत्यूचे सर्वांत मोठे एकच कारण निघाले ते पक्षाघात. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के, म्हणजे सातांतला एक, त्याने झाला होता. त्यांतले बहुतेक लोक घरीच गेले. आणि पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे वाढलेला रक्तदाब.

ज्या जंगलाच्या सावलीत रक्तदाबाचे जगातले एक पहिले खात्रीचे औषध उगवते, तिथली माणसे रक्तदाबाने मरतात. याचा अर्थ त्यांनी मुळी उगाळून प्यावी असा कोणी काढू नये. कच्च्या मुळीत औषधाचे प्रमाण झाडागणिक बदलते. रेसर्पिनने नाडी मंदावते, नाक चोंदते, आणि काही रुग्णांत खिन्नता आल्याचे १९५० च्या दशकातच नोंदले गेले. आज त्याहून सोयीची, स्वस्त औषधे आहेत, आणि रेसर्पिन बहुतेक ठिकाणी मागे पडले आहे. प्रश्न मुळीचा नाही. मुळीपासून सुरू झालेले ज्ञान ज्या वाटेने बाझल, हार्वर्ड, जेरुसलेम, मेम्फिसला गेले त्या वाटेने ते परत का आले नाही, हा आहे. परत येणे म्हणजे काही भव्य नव्हे. पाड्यावर कोणीतरी दंडाला पट्टा बांधून दाब मोजणे, रोजची एक गोळी मिळणे आणि ती का घ्यायची हे गोंडी-माडियात समजावून सांगणे, एवढेच.

दुसरा प्रश्न नोंदीचा. या सबंध इतिहासात कोण कोणाला लागले याचा पक्का पुरावा मिळवण्यासाठी माणसांनी विलक्षण बुद्धी खर्च केली. प्रथिनाच्या एका कोपऱ्यावर रेणूचा क्षणभराचा स्पर्श झाला, तर तो कायम करून ठेवण्याची सोय केली. पण जंगल आणि प्रयोगशाळा यांचा स्पर्श मात्र तसाच सुटून गेला. शोधनिबंधात वनस्पतीचे लॅटिन नाव असते, द्रव्य पुरवणाऱ्या कंपनीचे नाव असते. मुळी कोणत्या झाडाखाली मिळते, केव्हा खणावी, हे ज्याला ठाऊक होते तो नोंदीत येत नाही. अजमल खानांचे नाव रेणूला मिळाले, ते योग्यच झाले. पण हकीम आणि वैद्य यांच्याही मागे एक उभा होता, जंगलातून मुळी आणून देणारा. त्याच्यापाशी धुलाईत न सुटणारी खूण नव्हती.

अशी खूण कागदावर उमटवण्याची एक तरतूद अलीकडे झाली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात औषधी वनस्पती आणि मुळे हे शब्द स्पष्टपणे आहेत. जैवविविधतेशी संबंधित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही त्या कायद्याने मान्य केला आहे. २००९ साली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला तो मिळाला, आणि त्या गावाने झाडांना इजा होते म्हणून तेंदूपान तोडणे स्वतःहून थांबवले. हक्क मिळाला म्हणजे जंगल ओरबाडले जाईल, असे म्हणणाऱ्यांना पाचगावचे हे उत्तर पुरेसे आहे. दुसरीकडे, २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटणीतून सूट दिली. म्हणजे जे ज्ञान संहितेत उतरले, कोशात आले, त्याच्या वापरातून मूळ सांगणाऱ्याकडे काही परत जाण्याचे बंधन उरले नाही. कीर्तिकरांनी आदराने ज्या रकान्यांत लोकांचे ज्ञान नोंदवले, तेच नोंदले जाणे आता त्या लोकांचा हक्क पातळ करण्याचे कारण होऊ शकते. ग्रंथावर, नोंदीवर, लेखनावर श्रद्धा असणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे, आणि करावी.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. विज्ञानाने ही म्हण मानली नाही म्हणून रेसर्पिनचे स्थान सापडले. आता तीच चिकाटी दुसऱ्या बाजूनेही लागायला हवी. मराठी विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याने कीर्तिकरांची 'इंदिरा' आणि त्यांचा वनस्पतिग्रंथ शेजारी ठेवून वाचावा. देशी नावांच्या रकान्यातले प्रत्येक मराठी नाव त्यांना कोणाकडून मिळाले असेल याचा माग घ्यावा. आणि त्यातले कोणते नाव आज आलापल्लीच्या किंवा धानोऱ्याच्या जंगलात कोणाच्या तोंडी आहे, ते जाऊन ऐकावे. ऐकताना सांगणारीचे नाव, तिची संमती घेऊन, वहीत लिहून घ्यावे.